साडेनऊच्या बॅचच्या काळज्या

किस्से ठरवून जमत नाहीत. ते स्वयंपाकघरातल्या जास्तीच्या झाकणांसारखे आपोआप साठतात. कुठलं कुठल्या डब्याचं ते आठवत नाही, पण टाकवतही नाही. गेली अकरा वर्षं मी नाशिकला पंचवटीत, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत, मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलण्याचा क्लास चालवते. अकरा वर्षांत किती जणांना इंग्रजी आलं, हे कृपया विचारू नका. किस्से विचारा! त्यातही सकाळी साडेनऊच्या बॅचचे विचारा. बाकी सगळ्या बॅचनी मिळून दिले नाहीत एवढे किस्से या बॅचने मला एका शब्दावर दिले.

आमच्याकडे एक पद्धत आहे. सोमवारी मी फळ्यावर एक शब्द लिहिते. आठवडाभर प्रत्येकाने रोज उभं राहायचं आणि तो शब्द वापरून एक वाक्य बोलायचं. अटी दोन. वाक्य खरं हवं, स्वतःच्या घरातलं. आणि दुसऱ्या कुणी बोलून झालेलं चालणार नाही. पहिली अट घालावी लागली, कारण त्याआधी सगळे ‘रमेश इज अ गुड बॉय’ म्हणून खाली बसायचे. रमेश कोण, कुठला, कुणाला पत्ता नाही!

‘हॅपी’ हा शब्द आम्ही आठवड्यात संपवला. ‘हंग्री’ तीन दिवसांत. मग एका सोमवारी मी फळ्यावर लिहिलं, ‘वरीड’.

तो पाच आठवडे चालला.

* * *

पहिल्या दिवशी मी विचारलं, “अर्थ कोण सांगेल?”

अख्खी बॅच एका सुरात ओरडली, “टेन्शन!”

मी म्हटलं, हा शब्द आजपासून या खोलीत बंद. जो म्हणेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी चिवडा आणायचा. आता मराठीत सांगा. कुणी म्हणालं काळजी, कुणी म्हणालं चिंता. कुलकर्णी काका उभे राहिले. काका निवृत्त माणूस, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं, क्लासला येतात ते वेळ जावा आणि दुसऱ्यांच्या चुका निघाव्यात म्हणून. ते म्हणाले, “चिंताग्रस्त.”

तेवढ्यात मागून मंगलताईंचा आवाज आला. “मॅडम, हे सगळं एक नसतंय. काळजी पोरीची असती. चिंता पाऊसपाण्याची. धास्ती सासूची. अन् घोर नवऱ्याचा!”

“मग वरीड म्हणजे यातलं कोणतं?”

“चारी एकदम लागलं का वरीड!”

मी पुढे बरंच समजावलं. दूध उतू जाईल का इथपासून ते ऑपरेशन नीट होईल का इथपर्यंत, लहान-मोठ्या सगळ्या काळज्यांना हा शब्द चालतो, वगैरे. कुणी ऐकलं नाही. सगळ्यांनी वहीत मंगलताईंचा अर्थ लिहून घेतला. खरं सांगते, मीही घेतला.

* * *

मंगलताईंबद्दल आधी सांगायला हवं. वय बावन्न. मखमलाबादकडे झेंडू-शेवंतीची शेती, दारात एक म्हैस. सकाळी फुलबाजारात माल घालायचा, रिकामे क्रेट खाली गिरणीत ठेवायचे आणि वर क्लासला यायचं. त्यांची मुलगी रूपाली अमेरिकेत, पहिलंच बाळंतपण, चार महिन्यांवर आलेलं. जावई दिवसभर ऑफिसात. तिला सासू नाही. “मी नाय गेले तर पोरीला उचलून पानी कोन देईल?” असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

आणि व्हिसा एकदा नाकारला गेलेला!

त्याचं असं झालं. मुंबईला मुलाखतीसाठी गेल्या. मराठी बोलणारी बाई मदतीला मिळत होती, पण शेजारणीने सांगितलेलं, इंग्रजीत बोललं की वजन पडतं. खिडकीपलीकडच्या साहेबाने विचारलं, तुमची मुलगी तिथे आहे का? ताई म्हणाल्या, यस. बाळंतपणासाठी चाललात? यस. इथवर सगळं छान. मग त्याने विचारलं, तिथे कामधंदा करणार? यस! तिथेच राहायचा विचार आहे? यस, यस! वर ताई गोड हसल्या. साहेबही हसला आणि त्याने पासपोर्ट परत दिला.

“मॅडम, मला वाटलं हसतोय म्हंजे झालं काम,” त्या सांगत होत्या. “खाली येऊन मालकांना म्हनले, पेढे आना!”

दुसरी तारीख दोन महिन्यांनी मिळाली होती. तेवढ्यासाठी ही बाई रोज क्रेट उतरवून माझ्याकडे यायची. आपण हिला काही उपयोगाचं शिकवतोय की नाही, याची मला मनापासून काळजी वाटायची.

* * *

बॅचमध्ये एक बापू होते. मूळचे नामपूरचे, कांद्याचे व्यापारी, आता नाशिकला मुलाच्या घरी. नातू इंग्रजी शाळेत जातो आणि आजोबांशी इंग्रजीतच भांडतो, म्हणून बापू क्लासला. रागावले किंवा खूश झाले की थेट अहिराणीत जातात.

बापूंचा नंबर आला. उभे राहिले, छाती पुढे काढली आणि म्हणाले, “मॅडम, माले काहीच टेन्शन नई शे!”

पहिला चिवडा तिथेच ठरला.

दुसऱ्या दिवशी चिवडा आला, वाक्य नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या माणसाला खरोखर कसलीच काळजी नव्हती. मी वैतागून म्हटलं, “घरी जा आणि वहिनींना विचारा, मला कसली काळजी असायला हवी.”

बापूंनी घरी जाऊन विचारलं. वहिनी समोरची खुर्ची दाखवत म्हणाल्या, “बस आठे.” दुपारच्या चहानंतर त्या बोलायला लागल्या त्या रात्री जेवायची वेळ झाली तरी थांबेनात. बापूंनी सगळं लिहून घेतलं, फोनमध्ये घालून त्याचं इंग्रजी करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत वाचायला उभे राहिले.

“आय अ‍ॅम वरीड बिकॉज माय हजबंड टेल्स लाय टू डॉक्टर.”

बापूंनी दुसरी ओळ घेतली.

“आय अ‍ॅम वरीड बिकॉज माय हजबंड हॅज शुगर अँड ही ईट्स जिलेबी इन बाथरूम.”

बापू थांबले. कागद लांब धरला, जवळ धरला. मग हळूच मला विचारलं, “मॅडम, हा हजबंड म्हणजे मीच शे का?”

पुढची पाच मिनिटं गेली ती हसण्यात. कुलकर्णी काकांना मात्र शंका छळत होती. “पण बापू, बाथरूममध्ये जिलेबी ठेवता कुठे?”

“गिझरवर,” बापू म्हणाले. “गरम राहस!”

* * *

तिसऱ्या आठवड्यात कुलकर्णी काका उभे राहिले आणि खणखणीत इंग्रजीत बोलले, “आय अ‍ॅम वरीड बिकॉज आय डू नॉट रिमेंबर स्विचिंग ऑफ द गॅस.”

वाक्य उत्तम. मी म्हणणार होते ‘व्हेरी गुड’, पण तेवढ्यात मला माझीच शेगडी आठवली. मी सकाळी दूध ठेवलं होतं. बंद केलं होतं का?

समोर पाहिलं तर सगळ्यांचे चेहरे तसेच. पहिली उठली बॅचमधली तरुण शीतल. “मॅडम, मी दोन मिनिटांत जाऊन येते.” तिच्या मागे आणखी दोघी. बापूंनी घरी फोन लावला आणि “गॅस देख! आधी गॅस देख!” म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडले की खालचा गिरणीवाला धावत वर आला. काय झालं ते ऐकलं आणि गिरणी बंद करून तोही घरी गेला. पावणेदहाला वर्ग रिकामा. मी रिक्षा करून घरी पोहोचले. गॅस बंद होता. दूध मात्र मी फ्रिजबाहेर काढलंच नव्हतं.

दुपारी काकांना फोन केला. “काका, तुमचा गॅस बंद होता ना?”

“माझ्याकडे गॅस नाही,” काका म्हणाले. “दोन्ही वेळचा डबा येतो.”

“मग वाक्य?”

“मंगलताईंनी दिलं.”

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. बॅचच्या काळज्या केव्हाच संपल्या होत्या! खरी हवी, नवी हवी, या माझ्या अटींपायी लोकांची पंचाईत झाली होती, आणि मंगलताई रोज सव्वानऊला जिन्यात उभ्या राहून गरजूंना आपल्यातली एकेक देत होत्या. शीतलला, शेजारणीने उसनं नेलेलं पातेलं परत न आल्याची दिली होती. बापूंना मांजर गाभण असल्याची.

मी त्यांना फैलावर घेतलं. “ताई, वाक्य खरं हवं असं ठरलंय ना?”

“मग खोटी कुठं दिली? सगळ्या माझ्या वापरातल्या हायेत!”

“अहो, पण मग तुम्हाला काय उरतं?”

“मॅडम,” ताई माझ्याकडे दयेने बघत म्हणाल्या, “मला लय हायेत.”

* * *

उसनवारी थांबावी म्हणून मी नवा गृहपाठ दिला. वाक्य क्लासबाहेर, खऱ्या माणसाला म्हणून दाखवायचं. ही कल्पना मला का सुचली, देव जाणे.

शीतल एका दाताच्या दवाखान्यात मदतनीस. तोंडावर मास्क, हातात ट्रे, डॉक्टरांच्या शेजारी उभं राहायचं, एवढं काम. पण पोरगी मेहनती! एक दणकट गृहस्थ खुर्चीत आडवे, तोंडात कापूस, डॉक्टर आत हात धुवायला गेलेले. शीतलला वाटलं, आहे वेळ तर गृहपाठ उरकून घेऊ. ती त्यांच्या तोंडात वाकून बघत गंभीरपणे म्हणाली, “आय अ‍ॅम वरीड.”

गृहस्थांचे डोळे मोठे झाले.

शीतलला पुढचं आठवेना. तिने तेच पुन्हा म्हटलं, “आय अ‍ॅम व्हेरी वरीड.”

डॉक्टर बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. गृहस्थ गळ्यातल्या कागदी लाळेऱ्यासकट जिना उतरून रस्त्यावर! चपला तशाच दाराशी. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको चपला न्यायला आली आणि तिने शीतलला बाजूला घेऊन रडवेल्या आवाजात विचारलं, “बाई, खरं सांगा. किती दिवस आहेत?”

शीतलने आम्हाला सांगितलं ते असं, “मॅडम, मला फक्त पातेल्याचं वाक्य पूर्ण करायचं होतं हो!”

* * *

हाच गृहपाठ बापूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर करायचं ठरवलं. त्यांना आता स्वतःची अस्सल काळजी मिळाली होती. नातू शेजारच्या आजोबांना ‘ग्रँडपा’ म्हणायला लागला होता, कारण त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. बापूंच्या मनाला ते फार लागलं होतं.

बापू एका बोटाने टाइप करतात. त्यांनी लिहिलं, ‘आय अ‍ॅम व्हेरी वरीड’. तेवढं पाठवलं आणि कारण नंतर सावकाश लिहू म्हणून आंघोळीला गेले.

मेसेज मुलाला जायचा तो गेला कांदा व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर!

तीस वर्षं धंद्यात असलेला माणूस. भाव पडले तरी हसणारा, चढले तरी हसणारा. तो म्हणतोय व्हेरी वरीड? तेही इंग्रजीत? आणि पुढे काहीच नाही? बागलाणातल्या एका ठिकाणी लिलाव चालू होता. बोली बोलणारे गप्प झाले. कुणी म्हणालं, निर्यात बंद होणार. कुणी म्हणालं, बापूंची दिल्लीला ओळख आहे, त्यांना आतून कळलं असणार. एकाने सटाण्याला फोन लावला, सटाण्याच्याने निफाडला. ट्रॅक्टर रांगेत तसेच उभे, आणि शेतकरी विचारतायत, काय झालं, का थांबले?

बापू आंघोळ करून, देवपूजा करून बाहेर आले तर फोन वाजून वाजून गरम. एक मोठा व्यापारी पलीकडून कापऱ्या आवाजात विचारत होता, “बापू, नेमकं काय व्हई गयं?”

बापूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “काय सांगू भाऊ,” ते म्हणाले, “नातू दुसरास्ले आजोबा म्हनस!”

पलीकडून फोन बाजूला धरल्याचा आवाज आला. मग व्यापारी म्हणाला, “चला, लिलाव चालू करा.”

* * *

मंगलताईंची तारीख जवळ आली. चार दिवस आधी मी क्लासमध्ये टेबलापलीकडे साहेब होऊन बसले. डोळ्यांवर चष्मा, आवाज जाड. मुलगी कुठे, किती दिवस जाणार, कुठे राहणार, सगळी उत्तरं ताईंनी नीट दिली. यस कुठे म्हणायचं आणि नो कुठे, हेही आता पक्कं होतं. मग मी मुद्द्याचं विचारलं, “व्हाय विल यू कम बॅक?” तुम्ही परत येणार कशावरून?

ताईंनी पिशवीतून फाइल काढली. सातबारा, रेशनकार्ड, विजेचं बिल, सगळं माझ्यापुढे मांडलं.

“कागद नाही ताई, बोला. साहेब कागद बघेलच असं नाही.”

“काय बोलू? परत नाय येनार तर जाईन कुठं?” त्या म्हणाल्या. “घरी परत का येनार, हे काय कुनी विचारतंय व्हय?”

मी पुन्हा विचारलं. त्या फाइलीची दोरी गुंडाळत बसल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “मॅडम, पुन्हा नाय म्हनले तर रूपालीला काय सांगू?”

 मला स्वतःचा राग आला. पाच आठवडे मी या बाईकडून मांजर आणि पातेलं करून घेतलं, आणि कामाचं एक उत्तर शिकवलं नाही! मी म्हटलं, “ताई, सरळ मराठी बोलणारी बाई मागा. तो तुमचा हक्क आहे.”

ताईंनी पदराने डोळे पुसले. “मग तुमच्याकडं एवढे दिवस काय झेंडू विकायला येत व्हते का?”

शेवटी कुलकर्णी काकांनी एक भारदस्त वाक्य तयार करून दिलं. माझं कुटुंब, मालमत्ता आणि सामाजिक संबंध भारतात असल्यामुळे मी निश्चित परत येईन, अशा अर्थाचं. ताईंनी ते पाठ केलं. चार दिवस जिन्यात, गिरणीत, फुलबाजारात, त्या तेच म्हणत होत्या. बाकीच्यांनी त्या चार दिवसांत एकही काळजी उसनी मागितली नाही.

* * *

मुलाखत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई साडेनऊला वर आल्या. कुणाची विचारायची हिंमत होईना. त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि सांगायला लागल्या. मी त्यांच्याच शब्दांत सांगते.

“साहेब तरुन व्हता. त्यानं पोरीचं इचारलं, सांगितलं. दिवस इचारले, सांगितलं. मग म्हनला, व्हाय विल यू कम बॅक? अन् मॅडम, काकांचं वाक्य गेलं की डोक्यातून! पार पुसलं! तोंड उघडं, अन् आत काय नाय. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. त्यानं माझा पासपोर्ट हातात घेतला. मला वाटलं, गेलं. देनार परत. मग मला जे येत व्हतं तेच मी चालू केलं.”

“काय चालू केलंत?”

“वरीड!”

ताई तिथेच उभ्या राहून, खिडकीपुढे म्हटल्यासारखं म्हणायला लागल्या.

“सर, आय अ‍ॅम वरीड बिकॉज मदर-इन-लॉ. एटी फोर. शी टेक्स मेडिसिन फ्रॉम माय हँड ओन्ली. अदर हँड, शी स्पिट्स.

“आय अ‍ॅम वरीड बिकॉज हजबंड. थर्टी इयर्स मॅरेज, ही डोन्ट नो व्हेअर इज शुगर.

“आय अ‍ॅम वरीड बिकॉज वॉटर पंप. ओन्ली आय नो व्हेअर टू किक.

“आय अ‍ॅम वरीड बिकॉज सन. नो गर्ल यट. इफ आय नॉट कम, हजबंड विल सिलेक्ट!

“आय अ‍ॅम वरीड बिकॉज दसरा. फुल मेरीगोल्ड. सिक्स लेडीज कटिंग. विदाऊट मी, फायटिंग.”

“मग साहेब?” बापूंनी विचारलं. त्यांच्या हातातला चिवडा हातातच राहिला होता.

“साहेबानं पेन खाली ठेवलं. शेजारच्या खिडकीतली मॅडमपन इकडं येऊन उभी राहिली. मग तो म्हनला, एवढ्या काळज्या हायेत तर तुम्ही जाताच कशाला?”

“मग?”

“मी म्हनले, बिकॉज डॉटर. शी इज अलोन. दॅट वरी इज फर्स्ट, सर.”

बापूंनी चिवडा वहीवर ठेवला.

“त्यानं पासपोर्ट सोताकडंच ठेवला. अप्रूव्हड म्हनला. हसला, अन् हात केला, का झालं, जा आता. मागच्याला बोलावलं पन.”

“अन् तुम्ही निघालात?”

“निघते कशी?” मंगलताई म्हणाल्या. “मी खिडकी धरली अन् म्हनले, वन मिनिट, सर! बफेलो इज रिमेनिंग!”